डिजिटल कॅमेरा घेताना पैसे कुठे वाचतात? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दसरा जवळ आला की एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो: "भावा, स्वस्तात कॅमेरा कुठं मिळंल?" दुकान बदलून फार तर हजार-दोन हजार सुटतात. त्याच्या कितीतरी पट पैसे काय घ्यायचं आणि काय सोडायचं यात असतात. म्हणून खाली दुकानांचे पत्ते सापडणार नाहीत.

मोबाईलवर चांगले फोटो येतात. मग कॅमेरा घ्यायचाच कशाला?

रंकाळ्यावरचा सूर्यास्त, घरातले वाढदिवस आणि दुकानाचं स्टेटस एवढंच काम असेल तर घेऊ नका. सगळेच पैसे वाचले! मोबाईल तोकडा पडतो तो लांबच्या गोष्टींत (राधानगरीचा गवा, कळंबा तलावावरचे पक्षी), कमी उजेडात हलणाऱ्या माणसांत (जत्रेतली संध्याकाळची कुस्ती, मिरवणूक) आणि लोकांकडून पैसे घेऊन केलेल्या कामात. तुमचं काम यातलं कोणतं, हे ठरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. नाहीतर दुकानदार ठरवेल.

बजेट ५० हजार आहे. कोणती बॉडी घेऊ?

पन्नास हजारांची बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊ नका, एवढं आधी सांगतो. चांगलं कार्ड, जादा बॅटरी, बॅग आणि पावसाळ्यासाठी डबा यातच पाच-सात हजार जातात. उरलेल्यात बॉडी आणि लेन्स बसवायची. आपल्याकडे लोक बॉडीवर सगळं उधळतात आणि तिला सोबत आलेली किट लेन्स वर्षानुवर्षं लावून फिरतात. बॉडी चार वर्षांत जुनी ठरते. लेन्स जपली तर दोन-तीन बॉड्या पाहते आणि विकतानाही भाव धरते.

उदाहरण कुस्तीचंच घेऊ. किट लेन्स ५५ मिमीवर (पूर्ण झूम करून) एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे ६४०० आयएसओ (कमी उजेड वाढवून दाखवणारं सेटिंग) लावून दाणेदार फोटो येत होता, तिथे तोच शटर स्पीड (उजेड आत येण्याचा वेळ) ठेवून ६४० च्या आसपास भागतं. हा फरक वीस-तीस हजारांनी महाग बॉडी घेऊनही सहज मिळत नाही. आणि ही ५० एफ १.८ कॅनन-निकॉनच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे, जुन्या बाजारात तर आणखी स्वस्त.

म्हणून मी साधा हिशेब सांगतो: निम्मे पैसे बॉडीला, उरलेल्यातले बरेचसे लेन्सला. बॉडी एक पायरी खालची घ्या. कुणाला कळतही नाही.

मेगापिक्सेल किती असावेत?

२४ पुष्कळ झाले. ६००० गुणिले ४००० बिंदूंचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) २० बाय १३ इंचांचा छापता येतो. लग्नाच्या छापील करिझ्मा अल्बमच्या एका पानात तीन-चार फोटो बसतात, तिथे १६ मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही चालून जातो. पुढचा प्रश्न.

डीएसएलआर संपले म्हणतात. आता घेणं म्हणजे पैसे पाण्यात ना?

कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणलेला नाही, हे खरं. पण म्हणूनच ते जुन्या बाजारात स्वस्त झालेत. निकॉन डी७५० (२०१४), कॅनन ६डी (२०१२) हे फुल फ्रेम (फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेले) कॅमेरे एकेकाळी लग्नवाल्यांची शान होते. त्यांचे फोटो काल चांगले होते ते आज वाईट झालेले नाहीत.

स्थिर फोटो, शिकणं, छंद यासाठी जुना डीएसएलआर हा आज सगळ्यात कमी पैशांचा रस्ता आहे. व्हिडिओ, रील, यूट्यूब हे मुख्य काम असेल तर मात्र मिररलेसच (आरसा नसलेले नवे कॅमेरे) बघा, कारण व्हिडिओत चेहऱ्यावर फोकस धरून ठेवण्यात बरेच जुने डीएसएलआर मार खातात. तिथे दहा हजार वाचवून रोज डोकं फोडून घ्यायला लागतं. मिररलेसमध्ये पैसे वाचवायचे तर बॉडीच्या आधी माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती खाच) बघा. सोनीच्या ई माउंटला सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांच्या लेन्स मुबलक आहेत आणि जुन्या बाजारातही फिरतात. कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स मिररलेसच्या आरएफ बॉडीवर ॲडॉप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे घरात ईएफ लेन्स असतील तर कंपनी बदलू नका.

सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं तर बिघडलं काय?

बिघडत नाही, पण काय काढून घेऊन ते स्वस्त केलंय ते बघा. कॅननच्या १५००डी आणि ३०००डीच्या डोक्यावर फ्लॅश लावायची जी जागा असते, तिच्या मधली पिन कंपनीने काढून टाकली आहे. बाजारात मिळणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश पेटवणारी डबी) त्याच पिनवर पेटतात. म्हणजे बारशा-साखरपुड्याची कामं घ्यायला लागलात की स्वस्तातला फ्लॅश चालत नाही, कॅननसाठी खास बनवलेला महाग घ्यावा लागतो. त्यापेक्षा त्याच पैशांत जुनी १२००डी किंवा १३००डी बरी, तिला ती पिन आहे.

निकॉनमध्ये खोच वेगळी. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या बाजारातल्या स्वस्त एएफ-डी लेन्स (यांच्यात स्वतःची मोटर नसते) त्यांच्यावर बसतात, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. डी७००० मालिकेत मोटर आहे. आणि उलटंही आहे: नव्या एएफ-पी लेन्स डी९०, डी७००० अशा जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. "बसते की!" आणि "चालते" यात हजारो रुपयांचा फरक आहे, तेव्हा बॉडी घेऊन जाऊन लावून बघा.

किट लेन्सच्या कड्यावरची अक्षरंही वाचा. कॅननची १८-५५ 'आयएस' असलेली वेगळी आणि नुसती 'III' लिहिलेली वेगळी. दुसरीत हाताची थरथर सावरायची सोय नाही.

ऑनलाइन घेऊ की राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानात?

आधी ऑनलाइन भाव बघा, मग तो मोबाईलवर दाखवून दुकानात विचारा. बरेचदा दुकानदार जवळपास येतो. अगदी तेवढा नाही आला तरी हजार-पाचशेच्या फरकासाठी मी दुकानातच घेईन, कारण वॉरंटीतलं काम निघालं की ओळखीचा माणूस उपयोगी पडतो.

घासाघीस करायची ती कॉम्बोवर करा. बॅग, प्लास्टिकचा ट्रायपॉड, सफाईचं किट, यूव्ही फिल्टर आणि छोटं कार्ड असं "फ्री" गाठोडं दिलं जातं. त्यातला ट्रायपॉड वाऱ्याने हलतो आणि पन्हाळ्यावर तर उडूनच जाईल. सरळ म्हणा, "मालक, हे सगळं ठेवा, त्याचे पैसे कमी करा नाहीतर एक ओरिजिनल बॅटरी द्या." बॅटरी मिळवा. ती नक्की लागते.

ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडताना सीलपासून सीरियल नंबरपर्यंत एकसंध व्हिडिओ काढा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मुंबईला बोरा बाजारात जाऊन आणलं तर?

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघा, सकाळी सीएसएमटी, तिथून चालत बोरा बाजार, म्हणजे कॅमेऱ्यांच्या दुकानांचा भाग. जुनी लेन्स, सुटे भाग, दुर्मीळ काहीतरी शोधताय तर जरूर जा, मजाही येते. पण नव्या पॅकबंद कॅमेऱ्यासाठी दोन वेळचं तिकीट, खाणं आणि एक बुडालेला दिवस मोजा. हाती फार काही उरत नाही. जायचंच तर चार जणांची खरेदी एकत्र करून एकाने जावं.

बिलाशिवाय घेतलं तर चार-पाच हजार कमी करतो म्हणाला. घेऊ का?

नको. कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे (१ जानेवारी २०१९ च्या आधी तो २८ होता). ५९,००० च्या कॅमेऱ्यात ५०,००० मूळ किंमत आणि ९,००० कर. तो तुम्हाला चार सोडतो, म्हणजे बाकीचे कुठे जातात ते तुम्हीच ओळखा. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी नाही, चोरीला गेला तर तुमचाच आहे हे दाखवायला कागद नाही, आणि तीन वर्षांनी विकताना "बिल आहे का?" या पहिल्याच प्रश्नावर भाव पडतो.

बाहेरून आणलेला 'ग्रे' मालही असाच. कॅमेऱ्याची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. दुबईहून येणाऱ्या पाहुण्यांना लेन्स आणायला सांगितली तर एक वेळ ठीक, लेन्स फारशी बिघडत नाही. बॉडी सांगू नका.

फोटोग्राफीचा धंदा आहे, जीएसटी नंबरही आहे. काही फायदा?

मोठा फायदा आहे आणि बरेच जण तो सोडून देतात. बिल धंद्याच्या नावाने, तुमच्या जीएसटी नंबरासह घ्या. वरच्या उदाहरणातले ९,००० तुम्ही भरायच्या करातून वळते होतात, कॅमेरा खरोखर ५०,००० ला पडतो. ऑनलाइन घेताना नंबर ऑर्डर करतानाच टाका. असा कर वळता करून घेतला तर त्या ९,००० वर पुन्हा घसारा (वस्तू जुनी होण्यापोटीची वजावट) धरता येत नाही. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर मात्र हे काहीच मिळत नाही. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का?

फुकट नसतो, पण लुबाडणूकही नाही. व्याज असतंच, ते आधी किंमतीतून वजा करून दाखवतात. बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि वर प्रोसेसिंग फी घेते. ६० हजार, सहा महिने, १५ टक्के दर आणि दोनशेच्या आसपास फी धरली तर एकूण सातशे रुपये जादा जातात. तेवढ्यावर रक्कम सहा महिन्यांत विभागून मिळत असेल तर वाईट सौदा नाही. खरा तोटा वेगळाच असतो: रोख देणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवाल्याला बहुधा मिळत नाही. दोन्ही भाव विचारा. आणि "महिन्याला फक्त चार हजार" ऐकून वरचं मॉडेल उचलू नका.

कधी घेतलं तर स्वस्त पडतं?

नवा कॅमेरा: दसऱ्याच्या आधीपासून दिवाळीपर्यंत. गुढीपाडव्यालाही सवलती असतात, पण मुहूर्तावर घ्यायचा हट्ट असेल तर आधी भाव ठरवून पैसे भरा आणि घरी मुहूर्तावर आणा. गर्दीच्या दिवशी घासाघीस होत नाही.

जुना कॅमेरा: आषाढ-श्रावणात. लग्नांचा हंगाम संपलेला असतो, चातुर्मासात कामं थंड असतात, आणि ज्यांना बॉडी बदलायची असते ते याच काळात काढतात. तुळशीचं लग्न लागलं की तीच बॉडी शोधणारे वाढतात. घेणाऱ्याने पावसात घ्यावं, विकणाऱ्याने दिवाळीनंतर विकावं.

सेकंड हँड घेताना काय काय बघायचं?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यात जास्त बुडतात, म्हणून सविस्तर सांगतो. भेट दिवसा उजेडी ठरवा. स्वतःचं कार्ड, मोबाईलचा टॉर्च आणि शक्य असेल तर लॅपटॉप न्या.

पहिल्यांदा कागद. बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळावरचा सीरियल नंबर जुळवा. चोरीचा मोबाईल आयएमईआयवरून बंद करता येतो. कॅमेऱ्याला तशी सोयच नाही, त्यामुळे चोरीचा माल निर्धास्त फिरतो. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर सही घेऊन ठेवा: अमुक नंबरचा कॅमेरा, अमुक तारखेला, एवढ्या रुपयांना विकला. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.

मग शटर. साध्या आणि मधल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक ते दीड लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. लग्नवाला एका लग्नात अडीच हजार फोटो काढतो असं धरा, चाळीस लग्नांत एक लाख झाले. "फक्त दोन वर्षं वापरलाय" याला म्हणून काही अर्थ नाही. निकॉनच्या फोटो फाईलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो, ताजा फोटो काढून एक्झिफ (फोटोत दडलेली माहिती) दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडा. कॅननच्या बहुतेक फाईलींत तो नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. आकडा गेला म्हणून शटर त्याच दिवशी तुटत नाही, पण भाव मात्र त्याच हिशेबाने करायचा.

लेन्सचं झाकण काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. चार धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे काचेच्या कडेने पसरलेले दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसात, बंद कपाटात, चामड्याच्या कव्हरमध्ये पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. "पुसून जाते" म्हणतील. आतल्या काचेवरची पुसून जात नाही, लेन्स उघडावी लागते. तशी लेन्स घेऊ नका.

सेन्सर बघायला एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते, तेवढे पैसे कमी करा. लेन्सची धार बघायला 'पुढारी'चं एक पान भिंतीवर सपाट चिकटवा, समोरून सरळ फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं मोठी करून बघा. तीन कोपरे वाचता येतात आणि एक पुसट आहे, तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

आणखी एक गोष्ट कोल्हापूर-सांगलीकरांनी बघायलाच हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी घरं-दुकानं पाण्यात होती. पाणी लागलेला कॅमेरा वाळवून सुरू होतो, विकला जातो आणि मग सहा महिन्यांनी आतून गंजून बसतो. बॅटरीचा कप्पा उघडा. पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर, तळाच्या स्क्रूंना तांबूस गंज, रबरी ग्रिपच्या कडेत बारीक वाळलेला गाळ यातलं काही दिसलं की "बघतो, सांगतो" म्हणून निघायचं.

ऑनलाइन जाहिरातीत "सैन्यात आहे, बदली झाली, आधी पैसे टाका, कुरिअर करतो" असं आलं तर फोन ठेवा.

महाग लेन्स वर्षातून दोनदाच लागते. काय करू?

भाड्याने घ्या. समजा लेन्स ९० हजारांची आणि भाडं दिवसाला हजार. वर्षातून दहा दिवस लागत असेल तर नऊ वर्षं भाड्यावरच काढा. देताना मूळ आधार कार्ड ठेवू नका, झेरॉक्स द्या. घेताना काचेचा आणि कड्याचा व्हिडिओ काढा, म्हणजे परत करताना "हा चरा कुठून आला?" हा वाद होत नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी भाड्याने नेत असाल तर परत देण्याआधीच्या सफाईचा खर्चही धरा. सासनकाठ्या नाचायला लागल्या की गुलाल हवेतच तरंगतो, आणि झूम करताना पुढे-मागे होणारी लेन्स तो आत ओढून घेते. पारदर्शक पिशवीत कॅमेरा घाला, लेन्सच्या हूडवर रबर बँड लावा, आणि डोंगरावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअरने फुंका, मग मऊ ब्रश. ओल्या फडक्याने पुसलंत तर गुलालाचा चिखल होऊन कड्यात बसेल आणि डिपॉझिट गेलं म्हणून समजा.

कार्ड, बॅटरी, सॉफ्टवेअर यात कुठे काटकसर करावी?

कार्डात करू नका. व्ही३० (वेगाचा दर्जा) लिहिलेलं नावाजलेलं कार्ड बिलासह घ्या. आल्या आल्या पूर्ण भरून तपासा, बनावट कार्डं १२८ जीबी सांगतात आणि ३२ नंतर फोटो गिळतात. कॅमेरा यूएचएस-१ चा (हीही कार्डाच्या वेगाची खूण) असेल तर यूएचएस-२ चं महाग कार्ड घेऊन वेग वाढत नाही. बॅटरी दुसऱ्या चांगल्या कंपनीची चालते, एक ओरिजिनल जवळ असू द्या. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला एक रुपयाही घालू नका: कॅनन आणि निकॉन आपापलं रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाईल उघडायचं) सॉफ्टवेअर फुकट देतात, फोटो सुधारायचं डार्कटेबल फुकट आहे, व्हिडिओला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर होते.

पावसाळ्यात ड्राय कॅबिनेट (ओल आत न धरणारं कपाट) घ्यावंच लागतं का?

एका बॉडी-दोन लेन्ससाठी नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परता, पुन्हा वापरता येतं. लेन्स मधूनमधून बाहेर काढून वापरा. उजेड-वारा लागलेली लेन्स पडून राहिलेल्या लेन्सपेक्षा निरोगी राहते.

वडिलांच्या स्टुडिओतल्या जुन्या लेन्स आहेत. डिजिटलवर चालतील?

चालतील, आणि हा फुकटातला खजिना आहे. पेंटॅक्सच्या किंवा स्क्रूच्या एम४२ लेन्स स्वस्त ॲडॉप्टरने कॅननच्या ईएफ बॉडीवर बसतात. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र लांबचा फोकस लागत नाही. कॅननच्या जुन्या एफडी लेन्स ईएफवर नीट जमत नाहीत, पण मिररलेसवर मजेत चालतात. फोकस हाताने, छिद्र हाताने, बाकी काच एक नंबर. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेराच घडवला होता, आपल्याला निदान ॲडॉप्टर लावता आला पाहिजे. फक्त आधी टॉर्च मारून बुरशी बघा, आणि बुरशी असलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

जुना कॅमेरा एक्स्चेंजमध्ये देऊ की स्वतः विकू?

घाई नसेल तर स्वतः विका, आणि बॉडी व लेन्स वेगवेगळ्या विका. एक्स्चेंजमध्ये लेन्सला किट धरून बॉडीच्या जोडीने फुकटच मोजतात. बिल, खोकं, मूळ चार्जर, पट्टा, मागची-पुढची झाकणं एकत्र ठेवलेली असली तर समोरचा फार घासाघीस करत नाही. खोकं माळ्यावर टाकलं असेल तर पावसाआधी खाली काढा, वाळवी लागते.